नागसेनवनातले गुरुजन



परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कॉलेजं काढली, हे आपल्या वस्तीतलं लहान पोरही सांगेल. पण त्या कॉलेजांत शिकवलं कोणी, हे विचारलं तर मोठी माणसंही गप्प बसतात. म्हणून विहाराच्या या स्मरणिकेत त्या प्राध्यापकांविषयी चार शब्द लिहितो.

८ जुलै १९४५ रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं. नोकरी करून शिकणाऱ्यांना तिथे सकाळचे वर्ग मिळाले. आमच्यासारख्या पाळी करणाऱ्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

नंतर बाबासाहेबांची नजर मराठवाड्याकडे वळली. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. शिक्षण कमी, गरिबी फार. तिथे औरंगाबादला १९५० साली त्यांनी महाविद्यालय काढलं. इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसली. महाविद्यालयाचं नाव झालं मिलिंद आणि परिसराचं नागसेनवन.

ही नावं उगाच दिलेली नाहीत. मिलिंद राजा प्रश्न विचारणारा आणि भन्ते नागसेन उत्तर देणारे. रथ म्हणजे चाक का, आस का, असं भन्तेंनी राजालाच उलट विचारलं. सगळे भाग जुळले तेव्हा त्याला रथ म्हणतात. कॉलेजचंही तसंच आहे. नुसत्या दगडी भिंतींना कॉलेज म्हणत नाहीत. शिकवणारा आणि न भिता विचारणारा, दोघं पाहिजेत.

असे शिकवणारे मिलिंदला मिळाले. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी पहिल्या काळात कॉलेजची घडी बसवली. खेड्यापाड्यांतून आलेली मुलं वसतिगृहात राहत. ज्यांना गावात बोलायची चोरी, त्यांना सरांनी रंगमंचावर उभं केलं. त्यांनी लिहिलेलं 'युगयात्रा' हे नाटक १९५६ साली धम्मदीक्षेच्या वेळी नागपूरलाही झालं.

पुढे डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून मिलिंदला आले. तिथल्या काळ्या लोकांनी आपलं दुःख आणि राग साहित्यात कसा मांडला, हे त्यांनी इथल्या पोरांना सांगितलं. तुम्हीही लिहा, म्हणाले. प्रा. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक चालवलं आणि नव्या लिहिणाऱ्यांना हक्काची जागा दिली. एकेका अंकासाठी पदरमोड करत त्यांनी ते काम वर्षानुवर्षं रेटलं. पुढे त्यांनी मराठवाडा विद्यापीठाच्या मराठी विभागातही शिकवलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी ते आपल्यातून गेले.

मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली सुरू झालं. त्याला बाबासाहेबांचं नाव द्यावं, असा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला. त्यानंतर आपल्या वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्या लढ्यात नागसेनवनात शिकलेली पोरं पुढे होती. वर्गात प्रश्न विचारायला शिकलेला माणूस रस्त्यावरही विचारतोच!

आज आपण नवी मुंबईत राहतो. कॉलेजं पुष्कळ, फी भरमसाट. कित्येक ठिकाणी प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आणि शिकवणारे तासिका तत्त्वावर. ज्याला स्वतःच्या उद्याची खात्री नाही, तो आपल्या पोरांना कधी घडवणार? प्रवेश घेताना आपण इमारत बघतो, शिकवणारा कोण हे विचारत नाही. ते विचारलं पाहिजे.

आणि थोडं आपल्या हातातही आहे. ऐरोलीच्या बाबासाहेबांच्या स्मारकात ग्रंथालय आहे, पोरांना तिथे न्या. आपल्या वस्तीत आज पदवीधर मुलं-मुली आहेत. रविवारी वंदना झाल्यावर त्यांनी विहारात एक तास लहानांना शिकवावं आणि लहानांनी मनात येईल ते विचारावं. सतरंजी आहे, फळा आणू. नागसेनवनातल्या गुरुजनांचं ऋण असंच फिटेल.

नमो बुद्धाय! जय भीम!