मॅराकाइबोच्या काठचा वंशवृक्ष

गेल्या वर्षी आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एका परिचित गृहस्थांनी मला बाजूला घेतले आणि आवाज खाली आणून विचारले, "तुम्ही जनुकांच्या प्रयोगशाळेत होतात ना? घराण्यात काही असेल, तर लग्नाआधी कळते का हो?" पुढे ते बोलले नाहीत, मीही खोदून विचारले नाही. गर्दीत राहून गेलेले उत्तर इथे एका बाईंच्या कहाणीतून देतो.

1968 साली लॉस एंजेलिसमध्ये लिओनोर वेक्सलर सकाळी रस्ता ओलांडत होत्या. एवढ्या सकाळी प्यायलात काय, म्हणून पोलिसाने हटकले. तोल जात होता तो दारूने नव्हे, हंटिंग्टनच्या रोगाने. जॉर्ज हंटिंग्टन या डॉक्टरांनी वयाच्या 22 व्या वर्षी, 1872 मध्ये, त्याचे नेटके वर्णन केले होते. साधारण तिशी ते पन्नाशीत हातपाय अनावर हलू लागतात, स्वभाव बिघडतो, बुद्धी ढासळते. आई किंवा वडिलांना रोग असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी. लिओनोर यांचे वडील आणि तिघे भाऊ याच रोगाने गेले, पण हा पुरुषांचाच रोग, असा त्यांचा समज होता. त्या स्वतः प्राणिशास्त्र शिकलेल्या होत्या, हे विशेष! घरात न बोललेल्या गोष्टीपुढे पदवीचे काही चालत नाही.

पती मिल्टन यांनी अॅलिस आणि नॅन्सी या मुलींना सारे सांगितले आणि त्याच वर्षी संशोधनासाठी संस्था काढली. नॅन्सी मानसशास्त्राच्या विद्यार्थिनी. जनुकशास्त्र त्या पुढे वैज्ञानिकांच्या बैठकांत बसून शिकल्या.

व्हेनेझुएलात मॅराकाइबो सरोवराच्या काठी कोळ्यांची गावे आहेत, काही घरे पाण्यात खांबांवर उभी. तिथे नव्याने आलेले डॉ. अमेरिको नेग्रेते यांनाही झोकांड्या खाणारी माणसे आधी दारुडीच वाटली. चूक कळल्यावर त्यांनी माग काढला आणि 1955 मध्ये तो रोग हंटिंग्टनचा असल्याचे मांडले. नॅन्सी 1979 मध्ये तिथे पोचल्या आणि 1981 पासून दरवर्षी चमू घेऊन जात राहिल्या. आई आणि वडील दोघेही रोगी असलेले अपत्य शोधणे, हा मूळ हेतू. हाती लागला त्याहून मोठा ठेवा : अठरा हजार माणसांचा वंशवृक्ष आणि चार हजारांवर रक्ताचे नमुने.

रक्त देणार कोण? परदेशी बाई सुई टोचते म्हटल्यावर लोक बिचकले. तेव्हा सोबतच्या परिचारिकेने नॅन्सींचा दंड धरून त्वचेच्या नमुन्याचा व्रण सगळ्यांना दाखवला : हिच्याही आईला हाच रोग होता, हिलाही ही खूण आहे. मग लोक पुढे आले. ही हकीकत मला साऱ्या शोधाहून मोठी वाटते.

जनुकाचा माग लागायला कितीतरी वर्षे जातील, असे जाणकार म्हणत. जेम्स गुसेला यांना पहिल्या डझनभर खुणांतच यश आले आणि 1983 मध्ये चौथ्या गुणसूत्रावरचा पत्ता मिळाला. त्यात नशिबाचा भाग होताच. पत्त्यावरून घर सापडायला मात्र दहा वर्षे लागली. सहा गटांनी मिळून 1993 मध्ये जनुक शोधले. त्यात सी-ए-जी ही तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. साधारणतः 35 पर्यंत आवृत्त्या असल्या तर रोग होत नाही. 40 वा अधिक असल्या, आणि पुरेसे आयुष्य लाभले, तर होतोच. मधल्यांचे निश्चित सांगता येत नाही. आवृत्त्या जितक्या जास्त, तितका रोग सहसा लवकर.

म्हणजे कळते. पण कळून काय करायचे, हा पेच ज्यांनी वाट दाखवली त्यांच्याच दारात उभा राहिला. जोखीम असलेले बहुसंख्य लोक ही चाचणी करून घेत नाहीत. नॅन्सींनी आपले उत्तर वर्षानुवर्षे जाहीर केले नाही. दोघी बहिणींनी मुलेही होऊ दिली नाहीत. 2020 मध्ये, पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी आपल्याला हा रोग असल्याचे सांगितले. सहकाऱ्यांना ते चालण्या-बोलण्यावरून आधीच दिसत होते.

मुळावर घाव घालणारे औषध सरोवराकाठच्या त्या घरांपर्यंत पोचलेले नाही. मोठ्या आशेची एक चाचणी 2021 मध्ये थांबवावी लागली. ज्यांच्या रक्तावर हे शास्त्र उभे राहिले, त्यांचे देणे अजून फिटलेले नाही.

तेव्हा त्या गृहस्थांना सांगतो : आधी समुपदेशकाकडे जा, रक्त नंतर. घरातल्या आजाराचे नेमके नाव काढा, कारण आजाराप्रमाणे हिशेब बदलतो. अजाण मुलांची अशी चाचणी करत नाहीत. आणि जी मुलगी उपवर आहे, तिला हे सारे आधी सांगा, पाहुण्यांना नंतर. प्रसादाच्या रांगेत बोलणे अवघड. मंडपामागे खुर्च्या असतात, मी दहाही दिवस तिथेच आहे.