ट्रकला ‘व्हिंटेज’ व्हायचा हक्क का नाही?

गेल्या आठवड्यात सांगलीला एका जुन्या मेस्त्रींच्या घरी गेलो होतो. आयुष्य ट्रकच्या इंजिनात गेलं, आता गुडघे चालत नाहीत. बैठकीच्या खोलीत काचेचं कपाट, त्यात ओळीनं चाळीसेक छोटे ट्रक. सगळे धातूचे, डाय-कास्ट. मी एक हातात घेऊन विचारलं, “मेस्त्री, हे खेळणं केवढ्याला?”

“खेळणं न्हाई पाव्हणं. गाडी हाय ती. खरी ऱ्हायली न्हाई म्हणून ही ठेवलीय.”

तेवढ्या एका वाक्यावर ही पोस्ट आहे. जरा लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी हा प्रकार काय ते सांगतो. जस्तात थोडं अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं मिसळतात, तो रस दाबानं पोलादी साच्यात भरतात. इंग्लंडमध्ये १९३४ साली ‘डिंकी टॉईज’ हे नाव बाजारात आलं, १९५३ मध्ये ‘मॅचबॉक्स’ आलं. मोठ्या मॉडेलचं एक प्रचलित प्रमाण म्हणजे १:४३. सात मीटरचा ट्रक या मापात सोळा सेंटिमीटरचा होतो, तळहातावर मावतो. मिश्रणात शिसं मिसळलं गेलं तर काही वर्षांनी धातू आतून फुगतो, तडकतो. म्हणजे मॉडेललाही आयुष्य असतं.

१९६० च्या दशकाच्या शेवटी डिंकीचे काही जुने साचे भारतात आले. कोलकात्यात ‘निकी टॉईज’ नावानं त्यातून गाड्या निघू लागल्या. पण साचे विलायती, त्यामुळं गाड्याही विलायतीच. आपल्या घाटातून धापा टाकत जाणारा ट्रक त्यात कुठून येणार?

आता आपला ट्रक. टेल्को कंपनी १९४५ ची, सुरुवात रेल्वे इंजिनांपासून. १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झशी पंधरा वर्षांचा करार झाला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून पहिला टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर पडला. पुढं लांब नाक आणि त्यावर तीन टोकांचा तारा. ही कंपनी उभी करणारे सुमंत मूळगावकर हे मराठी माणूस, हे आपल्या पोरांना किती ठाऊक आहे? १९६९ ला करार संपला, ताऱ्याच्या जागी ‘टी’ आला. मेस्त्रींच्या कपाटात तारेवाला ट्रक आहे, पण तो जर्मन मर्सिडीजचं मॉडेल. त्याला त्यांनी स्वतः ब्रशनं रंग दिलाय, कपाळावर ‘पब्लिक कॅरिअर’ लिहिलंय.

रंग का द्यावा लागला? कारण कारखान्यातून तेव्हा बहुतेक वेळा नुसती चासी आणि पुढचा भाग यायचा. लाकडी केबिन, हौदा, फाळके हे सगळं गावाकडचे सुतार-लोहार करायचे. नावं आणि वेलबुट्टी पेंटर काढायचा. त्यामुळं एक ट्रक दुसऱ्यासारखा नसायचा. साच्यातून हजारो सारखी मॉडेल्स निघतात, आपला ट्रक मात्र साच्यातला नव्हताच.

आणि ‘पब्लिक कॅरिअर’ हे नुसतं नक्षीकाम नव्हतं. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात भाड्यानं माल नेणाऱ्या गाडीचा मालक म्हणजे पब्लिक कॅरिअर. १९८८ चा नवा कायदा आला आणि तो शब्द गेला. ‘हॉर्न ओके प्लीज’ वर २०१५ मध्ये महाराष्ट्रात बंदी आली. ट्रकच्या अंगावर असा सरकारी धोरणाचा इतिहास लिहिलेला असतो.

या ट्रकनी आपल्यासाठी काय केलं? सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा, लोणंदचा कांदा बाहेर नेला. कोयना धरण बांधलं तेव्हा रेल्वे कऱ्हाडपर्यंतच होती. पुढं पाटण, कोयनानगर, सगळं रस्त्यानं. खंबाटकीच्या घाटात इंजिन तापलं की क्लीनर दगड घेऊन चाकामागं पळायचा. आपल्या दोन जिल्ह्यांची बाजारपेठ या लोकांच्या पाठीवर उभी राहिली.

आता मुद्द्याचं. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नियम चांगला आहे. पण व्याख्या वाचा, त्यात फक्त दुचाकी आणि चारचाकी प्रवासी गाड्या आहेत. मालवाहू ट्रक त्यात बसतच नाही. पुढच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये स्क्रॅप धोरण जाहीर झालं.

म्हणजे राजेरजवाड्यांची मोटार हा वारसा, आणि ड्रायव्हर-क्लीनरची गाडी म्हणजे भंगार. असं का?

गैरसमज नको. धूर ओकणारे, ब्रेक न लागणारे ट्रक रस्त्यावरून गेलेच पाहिजेत. ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकला वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, ड्रायव्हरच्या जिवाला तेवढा आराम मिळाला, हे उत्तमच. पण प्रत्येक जिल्ह्यात एखादा जुना ट्रक, न चालवता का होईना, जपायला काय हरकत आहे? बाजार समितीच्या आवारात उभा करा, शेजारी बॉडी बांधणाऱ्यांची आणि पेंटरची नावं लावा. आणि व्हिंटेजच्या व्याख्येत मालवाहू गाडी घाला, ही मागणी आपल्या खासदारांनी मांडायला हवी.

तोवर एक काम आपण करू शकतो. घरात वडिलांचा, आजोबांचा ट्रकसोबतचा फोटो असेल तर मागं साल, गाव, गाडी नंबर लिहून ठेवा. जुनी परमिटं, बिल्टी रद्दीत देऊ नका.

निघताना मेस्त्रींनी तो तारेवाला ट्रक माझ्या हातातून परत घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि जागेवर ठेवला. तोंड दाराकडं करून. म्हणाले, “गाडी कायम निघायच्या तयारीत लावायची असती.”