ओवा, ओव्याचे फूल आणि जंत

पोट दुखले की चिमूटभर ओवा मिठाबरोबर चावून खायचा, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलांना शाळेत शिकवावे लागत नाही. ते घरी आजीकडूनच कळते. जंतांवरही ओवा देतात. या समजुतीत तथ्य किती?

ओवा पाण्यात उकळून त्याची वाफ थंड केली, की पाण्यावर तेल तरंगते. ते गार झाले की त्यात स्फटिक धरतात. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या आणि दख्खनमधल्या इतर बाजारांत हे स्फटिक ‘अजवाइन का फूल’ म्हणून मिळत. ते म्हणजे थायमॉलच, असे स्टेनहाउस (१८५५) आणि हेन्स (१८५६) यांनी दाखवले. युरोपात हाच पदार्थ थाइम या वनस्पतीच्या तेलातून काढत.

थायमॉलला महत्त्व आले ते अंकुशकृमीमुळे. हा जंत मातीतून अनवाणी पायांच्या त्वचेवाटे शरीरात शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त शोषतो. १८८० च्या सुमारास इटलीत त्यावर थायमॉल देऊ लागले. १९०९ नंतर अमेरिकेच्या दक्षिण भागात रॉकफेलर आयोगाने काढलेल्या मोहिमेतही हेच औषध होते. त्यासाठी भारतातला ओवा जर्मनीला जाई. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, ही वाट बंद झाली आणि थायमॉलचे भाव भडकले.

म्हणजे आजीचे खरे ठरले का? थोडे गणित करू. एक लहान चमचा ओवा म्हणजे सुमारे २ ग्रॅम. त्यात तेल ३ टक्के धरले तर ६० मिलिग्रॅम, आणि त्यातले निम्मे थायमॉल धरले तर ३० मिलिग्रॅम. अंकुशकृमीसाठी प्रौढाला एका उपचारात सुमारे ४ ग्रॅम थायमॉल देत. तेवढ्यासाठी ओवा लागेल पाव किलोहून अधिक! शिवाय इतके थायमॉल विषारीही ठरू शकते. ते तेलात व मद्यात विरघळून रक्तात उतरते, म्हणून उपचाराच्या वेळी हे दोन्ही पदार्थ वर्ज्य असत.

द्रव्य खरे, पण मात्रा अपुरी. जेवणानंतर चवीला ओवा जरूर खावा. जंत मात्र त्याने जाणार नाहीत. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळांतून अल्बेंडाझोलची गोळी देतात. ‘आम्ही घरी ओवा देतो’ असे एखाद्या पालकाने सांगितले, तर त्यांना खोटे ठरवू नये. हेच गणित त्यांच्यासमोर फळ्यावर मांडावे.