रानपिंगळ्याची उलटतपासणी

वकिली करताना आम्ही खोट्या साक्षी पुष्कळ पाहिल्या. परंतु खानदेशातील रानपिंगळ्याविषयीची साक्ष विलक्षणच! १८८४ नंतर हा पक्षी कोणास मिळाला नव्हता. कर्नल माइनर्ट्झहागेन यांनी मात्र आपल्या नमुन्यास तापीकाठचे मांडवी, सन १९१४, अशी चिठ्ठी लावली. लष्करी अंमलदाराच्या शब्दावर संशय कोण घेणार? त्या चिठ्ठीने शोधकांची दिशाभूल झाली. पुढे पामेला रासमुसेन यांनी नमुनाच तपासला. तो जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळविलेला, लंडनच्या संग्रहालयातून चोरून नव्याने भरलेला निघाला. मग जुन्या, खऱ्या नोंदींच्या आधारे त्या सहकाऱ्यांसह निघाल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये, ११३ वर्षांनी, शहाद्याजवळ सकाळच्या उन्हात रानपिंगळा निष्पर्ण फांदीवर बसलेला दिसला.