दिलोगुन : देवांचं तोंड झालेली कवडी

क्युबातल्या सांतेरिया पंथाचा पुजारी चटईवर बसतो, सोळा कवड्या हातात घोळवून समोर टाकतो आणि किती कवड्यांचं तोंड वर आलं ते मोजतो. पाच आली तर नद्यांची, प्रेमाची देवता ओचुन बोलते. बारा आली तर विजेचा स्वामी चांगो. तेरा किंवा जास्त आली, तर तो कौल लावणं त्याच्या अधिकाराबाहेरचं. मग बाबालाओ या अधिक जाणकार पुजाऱ्याकडे जावं लागतं. या कौलाला तिथे ‘दिलोगुन’ म्हणतात.

ही कवडी ना क्युबाची, ना पंथाचं मूळ असलेल्या पश्चिम आफ्रिकेची. तिचं माहेर मालदीव. तिथले लोक समुद्रातून कवड्या काढत, आतला जीव सडून जाईपर्यंत खड्ड्यात पुरत, मग धुऊन विकत. चौदाव्या शतकात प्रवासी इब्न बतूताने मालदीवमध्ये हा व्यापार पाहिला आणि पुढे पश्चिम आफ्रिकेतल्या माली राज्यात तीच कवडी नाणं म्हणून चालताना पाहिली. तुळजाभवानीच्या भुत्यांच्या गळ्यातली माळही याच हिंदी महासागराच्या बाजारातली.

मग युरोपीय जहाजं आली. भारत आणि श्रीलंकेच्या बंदरांतून कवड्या तळाला भरून त्यांनी लंडन-ॲम्स्टरडॅमला नेल्या आणि तिथून गिनीच्या किनाऱ्यावर. एकट्या अठराव्या शतकात डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी दहा हजार टनांहून अधिक कवड्या तिकडे पोचवल्या. त्यांच्या बदल्यात कापड, मीठ, धान्य घेतलं जाई आणि माणसंही.

पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांत हेच नाणं देवघरातही होतं. त्यांच्या समजुतीप्रमाणे परमेश्वर ओलोदुमारे दूर असतो. जगाचा कारभार ओरिशा नावाचे देव पाहतात. त्यांची इच्छा कळण्यासाठी कवडीची फुगीर पाठ घासून सपाट करतात, म्हणजे ती दोन्ही अंगांनी पडू शकते. दातेरी फट असलेली मूळ बाजू हे तिचं तोंड. ही विद्या ओचुनने ज्योतिषी नवरा ओरुला याच्याकडून मिळवली, अशी कथा आहे. क्युबात तेच येमाया या दुसऱ्या ओरिशाच्या नावावर सांगतात.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात योरुबांचं ओयो साम्राज्य कोसळलं. लढायांत पकडलेली योरुबा माणसं उसाच्या मळ्यांसाठी क्युबात आली. तिथे त्यांना ‘लुकुमी’ म्हणत. स्पॅनिश सत्तेने आफ्रिकींना जमातवार मंडळं, ‘काबिल्दो’, चालवू दिली होती. दर्शनी भागी कॅथलिक संत, आत ओरिशा : चांगो झाला सांता बार्बारा, येमाया झाली रेग्लाची मेरी. गुलामगिरी 1886 साली संपली, पण यातून घडलेला सांतेरिया पंथ राहिला. 1959 च्या क्रांतीनंतरच्या स्थलांतरितांबरोबर तो मायामी-न्यूयॉर्कलाही गेला. पंथातल्या पशुबळीवर बंदी घालणारे मायामीजवळच्या हायलिया शहराचे नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली रद्द केले.

आजही दीक्षा घेणाऱ्याला आपल्या ओरिशांच्या कवड्या मिळतात; तो वर्षभर पांढरे कपडे घालतो. दीक्षेच्या सोहळ्यातच त्या कवड्या टाकून त्याच्या पुढल्या आयुष्याचे नियम सांगतात : काय खायचं नाही, कशापासून जपायचं.

बाजारात कोरी कवडी स्वस्त मिळते. दीक्षेची कवडी विकत मिळत नाही. पुजारी वारला की ‘इतुतू’ विधीत ओरिशांनाच विचारतात : वारसाकडे राहायचं की मालकाबरोबर जायचं? एके काळी जिच्या मोलाने माणसाची मालकी ठरत होती, तिचा धनी कोण हे आता तिचा देव ठरवतो.