प्रस्तावना झालेले पत्र

हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात, कुरुंदा नावाचे गाव आहे. नरहर कुरुंदकरांचे आडनाव या गावावरून आलेले. त्यांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी नांदापूरला झाला. तेही आज हिंगोली जिल्ह्यातच. तेव्हा हा सारा मुलूख परभणी जिल्ह्यात होता आणि राज्य निजामाचे होते. कुरुंदकर पुढे नांदेडला स्थिरावले. समीक्षक, प्राध्यापक आणि समाजवादी विचाराचे वक्ते म्हणून त्यांचे नाव झाले. पण सामान्य मराठी वाचकाच्या घरात ते बहुधा दुसऱ्याच्या पुस्तकातून शिरले. रणजित देसाई यांची ‘श्रीमान योगी’ १९६८ साली आली. तिच्या आरंभी कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना आहे, आणि ती मुळात कादंबरीकाराला लिहिलेले पत्र आहे.

देसाई कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोवाडचे. १९६२ च्या ‘स्वामी’ने त्यांना घराघरांत नेले होते. पण माधवराव पेशव्यांचे आयुष्य अवघे सत्तावीस वर्षांचे. त्याला करुण कथेचा घाट आपोआप येतो. शिवाजी महाराजांचे तसे नाही. तिथे चरित्रकाराची वाट जन्मतिथीपाशीच अडते. बखरींच्या परंपरेतून आलेले १६२७ धरायचे, की टिळकांनी उजेडात आणलेल्या जेधे शकावलीतले १६३०? शिवाय बखर, पोवाडा, शाळेतला धडा आणि निवडणुकीची सभा या सगळ्यांनी आपापला शिवाजी आधीच घडवून ठेवलेला. अशा वेळी कादंबरीकाराला कौतुक करणाऱ्यापेक्षा उलटतपासणी घेणारा मित्र लागतो.

कुरुंदकरांनी शिवाजी महाराजांविषयी वेळोवेळी जे मांडले, त्याचा गाभा मला असा दिसतो: महाराजांचे मोठेपण प्रतापगड, पन्हाळा, आग्रा या प्रसंगांत शोधू नका. शूर राजे आणखीही झाले. त्यांच्यामागे राज्य का टिकले नाही, हे विचारा. १६८० मध्ये महाराज गेले. लवकरच औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला. १६८९ मध्ये संभाजीराजे मारले गेले, राजारामांना जिंजी गाठावी लागली, १७०० मध्ये तेही गेले. राजधानी पडली, खजिना नाही, राजा दूर. तरीही माणसे लढत राहिली, ती १७०७ मध्ये बादशहा याच मातीत मरेपर्यंत. या सत्तावीस वर्षांचे उत्तर तलवारीत मिळत नाही. ते वतनदाराला घातलेल्या वेसणीत, शिपायाच्या रोख पगारात, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये या दंडकात आहे. सभासदाची बखर याच धामधुमीत, जिंजीला, राजारामांच्या आज्ञेवरून लिहिली गेली, हेही लक्षात घ्यावे.

हा प्रश्न कुरुंदकरांनाच इतक्या तीव्रतेने का पडावा? माझ्या मते त्याचे मूळ या मुलखात आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण इथे १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. कुरुंदकर तेव्हा सोळा वर्षांचे होते. सत्ता एका धर्माच्या नावाने बोलते तेव्हा काय होते, हे त्यांनी पाहिले होते. आणि म्हणूनच शिवाजी महाराजांना दुसऱ्या धर्माच्या सत्तेचे प्रतीक करून वापरणेही त्यांना मान्य नव्हते. साधी माणसे लढायला का उठतात, हा त्यांच्यासाठी ग्रंथालयातला प्रश्न नव्हता.

आता अवघड भाग. देसाईंनी हा शिवाजी कादंबरीत आणला का? पुरता नाही, असे मला वाटते. ‘श्रीमान योगी’चा जीव घरात आहे: जिजाऊ, सोयराबाई, संभाजीराजे, आणि शेवटी उरलेला एकाकी माणूस. महसूल आणि जमिनीची मोजणी यांत कादंबरी रमत नाही, आणि रमली असती तर इतक्यांनी वाचली असती का, हाही प्रश्नच. तरी देसाईंनी ते पत्र पुस्तकाच्या पहिल्याच पानांवर छापले. ज्या मापाने आपलेच लेखन उणे ठरू शकते, ते माप त्यांनी स्वतःहून वाचकाच्या हाती दिले. आपल्याकडे प्रस्तावना म्हणजे बहुधा आहेराची पाकिटे. त्यात हे वेगळे.

कुरुंदकर १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादेत गेले, पन्नाशीही न गाठता. वाचनालयांतल्या ‘श्रीमान योगी’च्या जुन्या प्रती मी हाताळल्या आहेत. कादंबरीची पाने बोटांनी काळवंडलेली, कोपरे दुमडलेले. पत्राची पाने मात्र बहुतेक प्रतींत कोरी करकरीत.