जुन्या कोलनच्या बाटलीचं वय कसं ओळखायचं, आणि आतलं का लावायचं नाही

सध्या ठाणे, डोंबिवली, कल्याणमध्ये जिकडे बघाल तिकडे जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे. घर रिकामं करताना माळ्यावरून आणि कपाटाच्या तळातून काय काय निघतं! पितळी डबे, बंद पडलेलं घड्याळ, आणि बऱ्याच घरांत कोलनवॉटरची किंवा आफ्टरशेव्हची एखादी अर्धी भरलेली बाटली. अशा बाटल्या हौसेने जमवणारे लोकही आता आपल्या भागात आहेत. त्यांचे प्रश्न साधारण दोन असतात: ही किती जुनी असेल? आणि आतलं लावलं तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नको’ असं आहे. पण ते का, हे समजायला पहिल्याचं उत्तर उपयोगी पडतं. बाटलीचं वय कळलं की तिच्यात काय असू शकेल याचा अंदाज येतो.

आपल्याकडे कोलनवॉटर मुळात सुगंधासाठी कमी आणि आजारपणासाठी जास्त आलं. तुमच्या आजीला विचारा. ताप चढला की कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवायच्या, ही सुशिक्षित मराठी घरांतली ठरलेली रीत होती. यात नवल नाही, कारण हे पाणी औषध म्हणूनच जन्माला आलं. जर्मनीतल्या कोलोन शहरात १७०९ मध्ये फारिना घराण्याने आपला व्यवसाय सुरू केला, तेव्हा लिंबूवर्गीय तेलं मद्यार्कात मिसळून केलेलं हे पाणी लोक अंगाला लावत आणि पोटातही घेत. पुढे १८१० मध्ये नेपोलियनने गुप्त औषधांची कृती उघड करण्याचा हुकूम काढला. आपली कृती जपायची असेल तर ‘हे औषध नाही, सुगंध आहे’ असं म्हणणं उत्पादकांच्या सोयीचं झालं.

औषध, सुगंध की दारू, हा वाद आपल्याकडेही झाला, आणि थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ठाणे जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला आणि ‘दारू’च्या व्याख्येत मद्यार्क असलेला प्रत्येक द्रव घातला. म्हणजे कपाटातली कोलनची बाटलीसुद्धा कायद्याच्या कचाट्यात! एफ. एन. बलसारा नावाच्या नागरिकाने याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला. व्हिस्की, ब्रँडीबरोबर यू-डी-कोलन बाळगण्याचा आणि वापरण्याचा हक्कही त्यांनी मागितला होता. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. दारूबंदीचा कायदा बहुतांशी टिकला, पण मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं बाळगण्यावर, विकण्यावर आणि वापरण्यावर घातलेली बंदी रद्द झाली. त्यानंतर कायदा दुरुस्त झाला आणि जे प्रसाधन दारू म्हणून पिण्याजोगं नाही, त्याला सूट मिळाली.

‘पिण्याजोगं नाही’ हे शब्द डॉक्टर म्हणून मला महत्त्वाचे वाटतात. मद्यार्क पिता येऊ नये म्हणून त्यात मुद्दाम कडू किंवा अपायकारक पदार्थ मिसळतात. तरी व्यसनी माणूस हाती लागेल ते पितोच. ‘यात स्पिरिटच तर आहे’ असं म्हणून कोणी कोलन प्यायला असेल, तर त्याला झोपवून ठेवू नका, रुग्णालयात न्या आणि बाटली सोबत न्या.

आता वय ओळखण्याकडे वळू. संग्राहक काचेचा रंग, बुचाचा आकार यावर तासन् तास बोलतात. माझ्या मते आपल्याकडच्या बाटल्यांना लेबल वाचणं जास्त भरवशाचं. पत्त्यात नुसतं ‘बॉम्बे १’ असेल तर बाटली बहुधा १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीची, कारण सहा आकडी पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. विकणाऱ्या दुकानाची चिठ्ठी चिकटलेली असेल तर तीही बघा: ठाण्याचा ४००६०१, डोंबिवलीचा ४२१२०१, कल्याणचा ४२१३०१ असेल तर ती नंतरची. उत्पादन परवान्याचा क्रमांक छापलेला असेल तर बाटली १९६४ नंतरची धरा, कारण सौंदर्यप्रसाधनं औषध कायद्याखाली त्या वर्षी आली. पाकीटबंद वस्तूंचे नियम १९७७ मध्ये झाले, तेव्हापासून किंमत आणि महिना-वर्ष वेष्टनावर छापावं लागलं. खोकं सापडलं तर तर्क करायचीच गरज नाही. ‘स्थानिक कर वेगळे’ असं असेल तर साधारण १९९० पर्यंतची, ‘सर्व करांसह’ एवढंच असेल तर बहुधा त्यानंतरची. टाटा ऑइल मिल्सचं नाव असेल तर १९९३ च्या आधीची, कारण त्या वर्षी ती कंपनी हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली.

सगळ्यात जास्त सापडते ती ओल्ड स्पाइसची जहाजाचं चित्र असलेली दुधी काचेची बाटली. अमेरिकेत शुल्टन कंपनीने पुरुषांसाठी ती १९३८ मध्ये आणली. १९७१ मध्ये शुल्टन अमेरिकन सायनामिडकडे गेली आणि १९९० मध्ये ओल्ड स्पाइस प्रॉक्टर अँड गॅम्बलने घेतलं. भारतातल्या बाटल्यांवर बरीच वर्षं गोव्याच्या कोलफॅक्स लॅबोरेटरीजचं नाव असे. आखातातून येणाऱ्या काका-मामांच्या बॅगेतून परदेशी बाटल्याही येत. ब्रुटची हिरवी बाटली त्यातलीच. ती फाबर्जेने १९६४ मध्ये काढली, आणि १९८९ मध्ये फाबर्जे युनिलिव्हरने घेतली.

एक अडचण मात्र आपल्याच भागातली. परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधनं होती त्या काळात हुबेहूब नक्कल करणारे कारागीर चिकार होते. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद कल्याणच्या पुढे राहणाऱ्या प्रत्येकाने ऐकला असेल. १९४९ मध्ये निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या शहराच्या उद्यमशीलतेला ती गमतीची दादच आहे. पण संग्राहकाने यातून एवढं घ्यावं की बाटली खरी आणि आतलं भलतंच, असंही होऊ शकतं. नकली सेंटमध्ये मिथेनॉलही सापडू शकतं, आणि मिथेनॉल पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीवही जातो.

आणि बाटली अस्सल असली तरी? जुन्या कोलनमध्ये बर्गामॉट या लिंबाच्या सालीचं तेल भरपूर असे. त्यात बर्गाप्टेन नावाचं द्रव्य असतं. ते त्वचेवर असताना ऊन लागलं की त्या जागी भाजल्यासारखं होतं आणि मग काळा डाग उरतो. मानेवर कोलन ओघळलं असेल तर डागही ओघळासारखाच, लोलकाच्या आकाराचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांनी हे ओळखलं होतं. आज सुगंध उद्योगाच्या नियमानुसार अंगावर राहणाऱ्या उत्पादनात बर्गाप्टेन दहा लाख भागांत १५ पर्यंतच चालतं. जुन्या बाटलीला हा नियम माहीत नाही. मस्क अँब्रेट हा कृत्रिम कस्तुरीगंधही जुन्या आफ्टरशेव्हमध्ये असे. त्याने उन्हात अ‍ॅलर्जी येते हे १९७० च्या दशकाच्या अखेरीस लक्षात आलं. युरोपात त्यावर नंतर बंदी आली. शिवाय लिंबूवर्गीय तेलांतली द्रव्यं हवेशी संयोग पावली की अ‍ॅलर्जी करणारी बनतात. म्हणजे बाटली जितकी वर्षं उघडमीट होत राहिली, तितका धोका जास्त. आपल्या सावळ्या त्वचेवर असे डाग महिनोन् महिने जात नाहीत. गालावर, मानेवर कारण नसताना काळसर पट्टा दिसू लागला तर क्रीम बदलण्याआधी सेंट आणि आफ्टरशेव्ह बंद करा, ऊन टाळा, आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आता पुन्हा त्या घड्यांकडे. कोलनमध्ये साधारण ६० ते ८० टक्के मद्यार्क असतो. तो झपाट्याने उडतो म्हणून कपाळ गार लागतं, आतला ताप मात्र तसाच राहतो. मोठ्या माणसाच्या कपाळावर एक घडी ठेवल्याने काही बिघडत नाही, पण लहान मुलाचं अंग कोलनने किंवा स्पिरिटने पुसू नका. मद्यार्क श्वासातून आणि त्वचेतून शरीरात जातो, रक्तातली साखर घसरते, मूल बेशुद्धही पडू शकतं. ताप असेल तर वजनानुसार पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. अंग पुसायचंच तर कोमट पाण्याने.

आणि मूल ते प्यायलं तर? १० किलोच्या मुलाने ७० टक्के मद्यार्काचं कोलन फक्त १५ मिली, म्हणजे तीन छोटे चमचे, प्यायलं तर साधारण ८ ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. रक्तातलं प्रमाण १०० मिलीला सुमारे १२० मिलिग्रॅम होऊ शकतं. गाडी चालवणाऱ्या मोठ्या माणसाला कायद्याने ३० ची मर्यादा आहे. अशा वेळी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. मूल शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर काही गोड द्या आणि ताबडतोब रुग्णालय गाठा.

म्हणून शोकेसमध्ये ठेवायची बाटली आधी रिकामी करा. स्वयंपाकघरात किंवा देवघरातल्या समईजवळ नको, कारण एवढ्या मद्यार्काची वाफ आपल्या रोजच्या हवामानातही पेट घेते. खिडक्या उघड्या ठेवून, भरपूर पाणी सोडत मोरीत ओता. मग साध्या पाण्याने विसळून तोंड उघडं ठेवून वाळवा. लेबल भिजू देऊ नका; त्या बाटलीचा जन्मदाखला तेवढाच आहे.